दुसरं कोण म्हणतं?

शहापूरच्या वाचनालयात टोकावड्याविषयीचं पुस्तक हवं असेल तर आधी सरळगावला पोचावं लागे. हे मी थट्टेने सांगत नाही. तिथली इतिहासाची आणि गावोगावची पुस्तकं ना विषयवार लावलेली होती, ना लेखकवार. ती एसटीच्या मार्गाने लावलेली होती. दाराजवळचं कपाट शहापूरचं. त्याला लागून किन्हवली. मग भिंत संपायची आणि कोपऱ्यात सरळगाव यायचं. सरळगावहून उजवीकडे वळलं की मुरबाड, डावीकडे वळलं की टोकावडे आणि पुढे माळशेज. सिद्धगडावरचं काही हवं असेल तर मुरबाडच्या कपाटात म्हसा गावाकडच्या फळीवर बघायचं. ही सगळी व्यवस्था गुरुजींची होती. तिच्यापायी माझ्या किती दुपारी वाया गेल्या हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक होते आणि वाचनालयाचे मानद ग्रंथपाल. मानद म्हणजे कोणाचं ऐकायची गरज नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. खिशाला दोन पेनं. त्यांतलं एक मागणाऱ्याला द्यायचं आणि ते कधीच उठायचं नाही. दुसरं स्वतःसाठी. मी तेव्हा शहापूरला नुकतीच इतिहास शिकवायला लागले होते आणि शनिवार-रविवार टोकावड्याच्या अलीकडच्या आमच्या गावी जात होते. म्हणजे त्यांच्या हिशेबात मी त्या मार्गावरची नेहमीची प्रवासी. त्यामुळे मला चुकायची सवलत नव्हती.

"गुरुजी, ही कुठली पद्धत?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"बाई, माणूस इथं काय शोधत येतो? विषय शोधत येतो का? आपलं गाव शोधत येतो. आणि गावाला कसा जातो? गाडीनं जातो."

"आणि ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो?"

"त्याला वाचायला टाइम नसतो," गुरुजी म्हणाले आणि परत आपल्या कार्डांकडे वळले.

जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर सगळ्याच गावांना लागू, म्हणून ते 'डेपोत' असायचं. डेपो म्हणजे गुरुजींच्या टेबलाखालची जागा. तिथे त्या जाडजूड खंडांवर त्यांचा जेवणाचा डबा ठेवलेला असे. डबा संपेपर्यंत गॅझेटियर मिळत नसे, आणि गुरुजी एकेक घास सावकाश खाणारे. मुंबईवरची पुस्तकं माळ्यावर गाठोड्यात बांधलेली होती. का, तर आपली गाडी तिथं जात नाय.

इथपर्यंतही मी सहन केलं असतं. माणसाला कुठल्याही वेड्या व्यवस्थेची सवय होते. पण एका वर्षी एसटीने आमच्या बाजूची एक मुक्कामी गाडी किन्हवलीमार्गे सोडायची बंद केली आणि ती मुरबाडहून सोडायला लागली. गुरुजींनी वर्तमानपत्रात ते वाचलं आणि निमूटपणे त्या गाडीवरच्या सगळ्या गावांची पुस्तकं उचलून मुरबाडच्या कपाटात नेली. कोणाला सांगितलं नाही. मी घाटवाटांवरचं एक छोटं पुस्तक महिनाभर शोधत होते. शेवटी ते हरवलं असं समजून मी त्याची झेरॉक्स मिळवायला पार ठाण्याला जाऊन आले. परत आल्यावर गुरुजी म्हणाले, "गाडीचं बदललेलं तुमाला म्हाईत नाय? तुमी तर जाताय-येताय." मी तोंड उघडलं असतं तर वाचनालयाचं सभासदत्व गेलं असतं.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. कोणीही काहीही सांगितलं की गुरुजी विचारायचे, "दुसरं कोण म्हणतं?"

हे ते फक्त इतिहासाबद्दल विचारायचे असं नाही. कोणी सांगितलं, आज बाजारात मेथी चांगली आहे, तर दुसरं कोण म्हणतं? कोणी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, तर पत्रिका उलटसुलट बघून, मुलाकडच्यांचीही पत्रिका छापली असेल ना, ती आणा. एकदा वाचनालयाच्या शिपायाला ताप होता. त्याच्या बायकोचा फोन आला, तर गुरुजींनी शेजाऱ्याला फोन द्यायला लावला. तो शिपाई पुढे सहा महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलत होता.

मी माझ्या विद्यार्थ्यांना आधार दोन असावेत असं शिकवते, आणि ते मी यांच्याकडूनच शिकले हे नाकारत नाही. पण शिकण्यासाठी मला जे सोसावं लागलं ते जास्त झालं असं माझं आजही मत आहे.

आता मूळ गोष्ट सांगते. आमच्या गावच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती. अमृतमहोत्सव करायचं ठरलं, समिती झाली, स्मरणिका काढायची ठरली आणि मी इतिहास शिकवते म्हणून शाळेच्या इतिहासाचं पान माझ्या गळ्यात पडलं. गावात सगळ्यांना पाठ असलेला इतिहास असा, की शाळा देवळाच्या सभामंडपात सुरू झाली आणि मग गावातल्या मोठ्या घराने जागा दिली. मी तेच लिहून मोकळी झाले असते. पण घरी आत्याला वाचून दाखवलं आणि आत्या उखडली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी परत आली, आणि आमचं घर तिनेच चालवलं. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"देवलात कुठली गो?" आत्या म्हणाली. "मास्तर आला तवा त्याला गावात कोनी जागा दिली नाय. आमच्या पडवीत भरली शाला. माझ्या बापाच्या पडवीत. अख्खा पावसाला भरली. वरच्या आळीची पोरा पन इतं येऊन बसाची. देवलात मंग गेली."

आम्ही तेव्हा बौद्ध झालो नव्हतो. ते व्हायला अजून काही वर्षं होती. गावचं पाणी वेगळं, वाट वेगळी. आणि त्या काळात गावची मुलं आमच्या खालच्या वाड्यात, माझ्या आजोबांच्या पडवीत बसून मुळाक्षरं गिरवत होती. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आत्याला कोणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि माझं ठरलं. आजोबांचं नाव त्या स्मरणिकेत आलं पाहिजे, आणि ते आत्याने आपल्या कानांनी ऐकलं पाहिजे.

समितीचे अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, मला काय अडचण नाय. पुरावा द्या, छापतो. छापील तीन पुस्तकांत देऊळच आहे."

म्हणून मी गुरुजींकडे गेले. त्यांच्याशिवाय जाणार कुठे?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्थातच विचारलं, "आत्या म्हणतात. दुसरं कोण म्हणतं?"

"ते शोधायलाच आलेय."

"मग आधी ती तीन पुस्तकं बघा, जी नाय म्हणतात."

मला विरुद्ध बाजूची पुस्तकं नको होती. पण मागितलेलं पुस्तक सरळ देणं गुरुजींच्या स्वभावात नव्हतं. तिन्ही पुस्तकं त्यांनी माझ्यापुढे मांडली आणि आमच्या गावाचं वर्णन तिन्हींत वाचायला लावलं. मग परत वाचायला लावलं. मी वैतागून म्हटलं, तिन्हींत तेच आहे.

"तेच आहे ना? ओढा कुठं आहे तुमच्या गावाचा?"

"मावळतीला."

"यांनी कुठं घातलाय?"

तिन्ही पुस्तकांत ओढा उगवतीला होता. पहिल्याने चूक केली होती आणि पुढच्या दोघांनी न बघता उतरवून घेतलं होतं. "तीन पुस्तकं, पण तोंड एकच," गुरुजी म्हणाले. "म्हणजे तुमची आत्या एक आणि हे एक. बरोबरी झाली. जिंकला नाय तुमी."

मला एवढ्यावर आनंद झाला होता, तोही त्यांनी टिकू दिला नाही. मग जुन्या शाळा मंडळाचे छापील अहवाल बघून झाले. साप्ताहिकांचे बांधीव अंक बघून झाले. ते 'घाटाखालच्या' फळीवर होते, का ते विचारू नका. अहवालात एकच ओळ मिळाली, की आमच्या गावची शाळा काही महिने खाजगी जागेत भरत होती. मी ती ओळ गुरुजींपुढे नाचवली. देऊळ काही खाजगी जागा नव्हे.

"खाजगी म्हणजे कोणाची?" गुरुजी म्हणाले. "अहवाल नाव सांगत नाय. तुमी मनानं भरताय."

"गुरुजी, स्मरणिका छापायला जायची आहे."

"जाऊ दे. इतिहास कुठं जातोय?"

इतिहास जात नव्हता, पण आत्या चालली होती. त्या वर्षी पावसाळ्यात ती दोनदा आजारी पडली. हे मी गुरुजींना बोलले. जरा जोरातच बोलले. वाचनालयात पेपर वाचणाऱ्या दोघातिघांनी माना वर केल्या. गुरुजी स्वेटरचं बटण लावत-काढत राहिले. मग म्हणाले, "मी येतो. रविवारी."

रविवारी ते खरंच एसटीने आले. खांद्याला वाचनालयाची पिशवी, पिशवीत कोरी कार्डं आणि दोन्ही पेनं. आमच्या ओट्यावर बसले, पाणी प्याले, चहा प्याले आणि आत्याची उलटतपासणी सुरू केली. पडवीचं तोंड कुणीकडे? मास्तर कुठे बसायचा? जमीन कशाने सारवलेली? आत्या आधी कौतुकाने सांगत होती, मग तिचा पारा चढत गेला.

"मास्तर, मी काय चोरी केलीय का?"

"नाय. हजेरीचं पुस्तक होतं का त्या मास्तराकडे?"

"होता की. शेलीनं खाल्ला."

गुरुजींचं पेन थांबलं. "काय?"

"आमची शेली बांधलेली असाची ना खुंटाला. मास्तर बाहेर गेला तेवढ्यात तिनं खाल्ला. पांढरी शेली. बापूस मास्तराच्या पाया पडला. मास्तर हसला."

गुरुजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ज्या एका कागदावर हा सगळा निकाल लागला असता तो कागद शेळीने खाल्ला, याचं त्यांना खरोखरच दुःख झालं होतं. मग त्यांनी नवीन कार्ड पुढे ओढलं आणि विचारलं, "दुसरं कोण म्हणतं?"

मला वाटलं, आता आत्या त्यांना हाकलणार. पण ती शांतपणे म्हणाली, "वरच्या आळीत हौशी हाय. माझ्या बाजूला बसाची. तिला विचारा. ती सांगंल का नाय, मला म्हाईत नाय."

हौशीकाकू गावातल्या गावातच दिलेली, आत्याच्याच वयाची. दोघी एका गावात सत्तर वर्षं राहिल्या होत्या. बाजारात, गाडीत दिसल्या तर मान हलवायच्या. एकमेकींच्या घरात गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. भांडण काही नव्हतं. जायची पद्धत नव्हती, एवढंच.

गुरुजी म्हणाले, मी एकटा जातो. आणि जाताना आत्याला बजावून गेले, की माझं काम होईपर्यंत दोघींनी भेटायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर एकीचं दुसरीच्या तोंडात जातं.

"इतकी वर्सं कोनी भेटू दिला नाय," आत्या माझ्याकडे बघत म्हणाली, "आता ह्यो मास्तर पन नको म्हनतो."

गुरुजी तासाभराने खाली आले. काकूंनी सांगितलं होतं. बसत होतो म्हणाल्या. घरी गेल्यावर आई अंगणातच अंगावर पाणी ओतायची आणि मगच आत घ्यायची, हेही सांगितलं. खालच्या वाड्यातली भाकरी खाल्लेली घरी कधी सांगितली नाही, हेही सांगितलं. आणि न विचारता शेळीचं सांगितलं.

"फक्त त्या शेळी काळी होती म्हणतात," गुरुजी म्हणाले. आणि मी त्यांना पहिल्यांदा इतकं खुशीत पाहिलं. "बाई, हे फार बरं झालं. सगळं जुळलं असतं ना, तर मी मानलं नसतं. शिकवलेलं सगळं जुळतं. बघितलेलं थोडं चुकतं."

हे सगळं ते आमच्या ओट्यावर बसून बोलत होते, आणि आत्या आत चुलीपाशी होती. कान शाबूत, हे मी वर सांगितलंच आहे. गुरुजी गाडीसाठी फाट्याकडे निघाले आणि आत्या डोक्यावर पदर घेऊन ताडताड वरच्या आळीला चालू लागली. मी मागून धावले.

"आत्या, कुठे?"

"काली म्हनते. माझी शेली, आनि ही सांगते काली."

गाडी उशिरा होती, म्हणून गुरुजींनी फाट्यावरून ते पाहिलं आणि परत आले. ते काकूंच्या दारात पोचले तेव्हा दोघी म्हाताऱ्या ओट्यावर समोरासमोर बसून शेळीवरून कडाकडा भांडत होत्या, आणि मधे चहाचे दोन कप होते. गुरुजी धापा टाकत म्हणाले, "काय केलंत हे. सगळा पुरावा बाटला."

आत्या हसली. "आमी बसलो का कायतरी बाटतंच, मास्तर," ती म्हणाली.

गुरुजींनी मान खाली घातली. मला वाटतं, आपण कुठला शब्द वापरला हे त्यांना तेव्हा कळलं. काकूंनी आतून तिसरा कप आणवला. गुरुजींची ती गाडी चुकली.

स्मरणिका निघाली. मी दोन पानं लिहून दिली होती, त्यांतलं छापून आलं ते असं: 'काही काळ शाळा खालच्या वाड्यात भरत असे, असे म्हणतात.' जागा कमी पडली, असं अध्यक्ष म्हणाले. मी ती ओळ आत्याला वाचून दाखवली. तिने विचारलं, "बापाचं नाव हाय का?" मी नाही म्हटलं. "मंग कोनाच्या पडवीत भरली?" ती म्हणाली आणि भात वैरायला उठली. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

वाचनालयात जाऊन मी स्मरणिका गुरुजींच्या टेबलावर टाकली. त्यांनी ती ओळ वाचली आणि लाल झाले. "असे म्हणतात? म्हणजे कोण म्हणतात? दोघी बसल्यात की गावात. नावं आहेत त्यांना." मला आधी बरं वाटलं, पण मग ते तासभर त्याच दोन शब्दांवर बोलत राहिले, आणि मला अखेर शाळेचं निमित्त सांगून निघावं लागलं.

पुढच्या आठवड्यात गेले तर टोकावड्याच्या खणात दोन नवीन कार्डं होती, पुस्तकांची असतात तशीच. एकावर आत्याचं नाव, एकावर काकूंचं. विषय: गावातली पहिली शाळा. जागा: आणि तिथे माझ्या आजोबांचं संपूर्ण नाव, गुरुजींच्या शाळामास्तरी वळणदार अक्षरात. खाली सूचना. 'दुपारी जेवणानंतर भेटावे. लावणीच्या दिवसांत जाऊ नये. शेळीबाबत दोन्ही पाहावे.' मी फोनवर फोटो काढून आत्याला दाखवला, वाचून दाखवला. तिने फोन हातात घेतला आणि वाचता येत होतं तेवढं बोटाने लावून लावून वाचलं. "नाव नीट लिवलंय," एवढंच म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी तिने ते वरच्या आळीला जाऊनही सांगितलं.

गुरुजींनी मग खरोखरच माणसं पाठवायला सुरुवात केली. कोणी कॉलेजची पोरं, कोणी पत्रकार, कोणी नुसताच रिकामटेकडा. कोणी वाचनालयात आमच्या बाजूचं काही विचारलं की गुरुजी त्याला कार्ड दाखवून एसटीत बसवून द्यायचे. रविवारची माझी झोप गेली. घरात दूध पुरेना. मी तक्रार केली तर म्हणाले, "पुस्तक काय, वाचायला नको म्हणतं का?"

आत्या गेली. वर्षाच्या आत गुरुजीही गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी बधिर होऊन ऐकलं, आणि फोन ठेवल्यावर मनात पहिलं आलं ते 'दुसरं कोण म्हणतं'. मग मी खूप रडले. वाचनालयात आता संगणक आलाय आणि पुस्तकांना नंबर पडलेत. पण कार्डांचे खण कोणी फेकलेले नाहीत.

मागच्या रविवारी डोळखांबकडची एक मुलगी दारात उभी राहिली. शाळांच्या इतिहासावर काही करत होती. हातात आत्याच्या कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो. आत्याच्या नावावर तिरकी रेघ, आणि खाली त्याच वळणदार अक्षरात नवीन ओळी, ज्या मी कधी पाहिल्या नव्हत्या: 'ही प्रत आता नाही. पाहा: भाची. रविवारी गावी. चिडते, पण सांगते. ऐकीव आहे, एकटीवर भागवू नये.'

मी चिडले. चिडून तिला सगळं सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, दुसरं कोण म्हणतं?"

मी चपला घातल्या आणि तिला वरच्या आळीला घेऊन गेले. नियम म्हणून मी स्वतः अंगणाबाहेरच थांबले. तू एकटी जा, म्हटलं, मी समोर असले तर त्या माझ्यासारखं बोलतील. पण काकूंना माझी चाहूल लागली होती.

"बाहेर कोन उभं हाय? आत ये गो. माझ्या दारात आता कोनी बाहेर उभं नाय रायचं."

मी आत जाऊन बसले. काकूंनी पडवी सांगितली, पाणी सांगितलं, भाकरी सांगितली. मुलगी लिहीत होती. शेळीपाशी येऊन काकू थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तू कंची सांगितलीस?"

"पांढरी."

काकू परत मुलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पांढरीच लिव. ती सांगून गेली ना, पांढरी. असंल पांढरी."

"नाही काकू," मी म्हटलं. "तुम्ही काळीच सांगा. सगळं जुळलं तर गुरुजी मानायचे नाहीत."